चोवीस हप्ते, एक खातं

गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५चा ऑगस्ट. आयबीची, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो या केंद्राच्या गुप्तचर संस्थेची जाहिरात आली होती. सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी, ३,७१७ जागा, अर्जाची शेवटची तारीख १० ऑगस्ट. वयाची अट २७ वर्षं आणि माझं सव्विसावं संपत आलेलं. या पदाची याआधीची जाहिरात नोव्हेंबर २०२३ची होती. पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता, त्यामुळे माझ्यासाठी ही बहुतेक शेवटचीच संधी होती. तरीही अर्ज अर्धवट भरून पडला होता.

मी मुंबईत एका बँकेच्या मुख्यालयात ट्रान्झॅक्शन मॉनिटरिंगचं काम करते. एखाद्या खात्यातली उलाढाल नियमांच्या चौकटीबाहेर गेली की सिस्टिम अलर्ट देते. तो उघडायचा, खातं वाचायचं आणि ठरवायचं की हे सरळ आहे की संशयास्पद. संशय टिकला तर एसटीआर, म्हणजे संशयास्पद व्यवहाराचा अहवाल. तो दिल्लीला एफआययूकडे, म्हणजे फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे जातो. वित्त मंत्रालयाची ही यंत्रणा २००४ साली उभी राहिली. तिथून पुढे तो कुठे पोहोचतो, त्याचं काय होतं, हे आम्हाला सहसा कळत नाही. आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला सांगायचं नाही, आडूनसुद्धा सुचवायचं नाही, असा कायदाच आहे. त्यामुळे मला वाटायचं, गुप्तवार्तेचं निम्मं काम मी आत्ताच करते आहे.

त्या आठवड्यात समोर आलेलं खातं सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं होतं. व्यवसाय गृहिणी, वार्षिक उत्पन्न दीड लाख. दर महिन्याच्या ५ ते ७ तारखेदरम्यान चोवीस वेगवेगळ्या ठिकाणांहून यूपीआयने प्रत्येकी ३,००० रुपये जमा. एकूण ७२,०००. दोन दिवसांत ती सगळी रक्कम एकाच खात्यावर रवाना, आणि दर महिन्याला ते खातं नवीन. मागे शिल्लक तीनचारशे रुपये. असं नऊ महिने चाललेलं. जूनमध्ये रक्कम दुप्पट झाली, १,४४,००० आले आणि दोघांना गेले. तिथेच नियम मोडला आणि अलर्ट आला.

हे काम करणारा कुणीही सांगेल, हे भाड्याने दिलेल्या खात्याचं चित्र आहे. ऑनलाइन सट्ट्याचे, फसवणुकीचे पैसे असेच गोळा होतात आणि असेच पुढे सरकतात. बरं, प्रत्येक व्यवहाराच्या शेऱ्यात इंग्रजी ‘बी’ आणि पुढे आकडा होता. नोव्हेंबरमध्ये बी १, डिसेंबरमध्ये बी २. मला तो सट्ट्याच्या बॅचचा सांकेतिक क्रमांक वाटला. मी दीड तासात संशयाची कारणं लिहून काढली. वाक्यं एकमेकांत घट्ट बसली होती. खूप दिवसांनी असं लिहायला जमलं म्हणून मी खुशीत होते.

मसुदा मॅडमकडे गेला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मला बोलावलं.

“बाहेर गेलेले पैसे ज्यांना मिळाले त्यांची नावं वाचलीस?”

“हो मॅडम. दहा नावं आहेत, एकही परत आलेलं नाही.”

“आणि आत पाठवणाऱ्यांची?”

“चोवीस आहेत.”

“दोन्ही शेजारीशेजारी ठेव आणि वाच. घाई नाही.”

मी तसं का केलं नव्हतं याचं कारण साधं होतं. येणारे पैसे यूपीआय आयडीवरून दिसत होते, जाणारे खाते क्रमांकावर. सिस्टिमच्या लेखी ती वेगवेगळी माणसं होती आणि मीही तेच धरून चालले. आता नावं समोरासमोर लावली. दहापैकी सात नावं हुबेहूब जुळली. म्हणजे दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्यांतल्याच एकीला सगळी रक्कम मिळत होती. उरलेली तीन जुळेनात. परत वाचली. पैसे मिळालेल्या तिघी बायका, आणि त्या तिघींची मधली नावं पाठवणाऱ्या तीन पुरुषांची. हप्ता नवऱ्याच्या फोनवरून जात होता, रक्कम बायकोच्या खात्यात येत होती.

बी म्हणजे भिशी.

माझ्या अंगावर काटा आला. माझ्या आईची भिशी मी लहानपणापासून पाहते आहे. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, कुणाच्या तरी लहान मुलाला ती उचलायला लावायची, मग चहा-चिवडा. माझ्या बारावीच्या क्लासची फी त्या भिशीतूनच भरली होती. इतकं जवळचं असूनही पडद्यावर ते मला ओळखू आलं नाही, कारण मी पहिल्या दहा मिनिटांतच उत्तर ठरवलं होतं आणि पुढचा दीड तास त्याच्यासाठी पुरावे वेचत होते.

शाखेकडून नेहमीच्या केवायसीच्या पद्धतीने माहिती मागवली. चोवीस जणींची, चोवीस महिन्यांची भिशी. शाळा उघडायच्या आधी मुलांच्या फीसाठी म्हणून जूनमध्ये दोन चिठ्ठ्या काढल्या होत्या. मी केस बंद केल्याची कारणं लिहिली. या वेळी तीन तास लागले.

एसटीआर म्हणजे आरोप नव्हे, हे मला माहीत आहे. तरी तो गेला असता तर त्या बाईबद्दल माझी ती घट्ट बसलेली वाक्यं दिल्लीत नोंदली गेली असती आणि तिला ते कधीच कळलं नसतं. मलाही नाही. ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली. आयबीत गेले तर रोजचं काम असंच असणार. तिथे शाखेला विचारून खात्री करून घेण्याची सोय दर वेळी असेलच असं नाही. देशात कुठेही बदली, १९८५च्या कायद्याने संघटना करायला आणि वर्तमानपत्राशी बोलायला बंधनं, हे सगळं मी आधीच मोजून ठेवलं होतं. पगाराची सातवी लेव्हलही, ४४,९०० पासूनची. पण आपण चुकलो की बरोबर ठरलो हे कदाचित कधीच न कळता वीसपंचवीस वर्षं लिहीत राहायचं, हे मी मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या बाजूला २६/११ होतं. तेव्हा मी दहा वर्षांची होते, सोलापुरात टीव्हीसमोर. मोठेपणी त्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीबद्दल वाचलं. सूचना आल्या होत्या, एकदा नाही अनेकदा, पण त्या एकत्र लावून त्यांचा अर्थ काढण्यात गोंधळ झाला होता. कारगिलच्या चौकशीतही जवळपास हाच मुद्दा होता. म्हणजे नावं शेजारीशेजारी ठेवून वाचणारं कुणीतरी तिथे लागतंच. निर्दोषाला सोडवण्यासाठी आणि खऱ्याला हेरण्यासाठी काम तेच करावं लागतं. मॅडमनी मला विचारलं तसं विचारणारी माणसं तिथे असतील का, हे मात्र आत गेल्याशिवाय कळणार नाही.

निघताना मॅडमना म्हटलं, अर्ज भरायचा विचार आहे. त्या म्हणाल्या, “भर. आणि आजचा पहिला मसुदा जपून ठेव.”

लोकलमधून आईला फोन केला.

“आई, या महिन्याची भिशी कुणाला लागली गं?”

“समोरच्या काकूंना. का गं, आज एकदम भिशीची चौकशी?”

“सहज.”

“पैसे हवेत का तुला?”

“नाही गं. सहजच विचारलं.”

तिला ते पटलं नाही, आवाजावरून कळत होतं. मग तिने अर्जाचं विचारलं. मी म्हटलं, आज रात्री भरते.