लेक माझी, गुपित बाईंकडे

माझी नववीतली लेक शाळेच्या काउन्सेलर बाईंकडे जाऊन काय बोलते, हे मला सांगणार नाहीत म्हणे! चॉकलेटची बरणी पुढे सरकवत बाईंनी हसून सांगितलं. जिवाला धोका वाटला तर लगेच फोन करू, एरवी तिला वाटेल तेव्हा तीच सांगेल. मी बाप आहे हो. इथे अमेरिकेत, ओहायोत, सरकारी शाळेचा बराच खर्च घरपट्टीतून निघतो आणि ती घरपट्टीही मीच भरतो.

घरी येऊन तावातावानं कायदा शोधला. 1974 च्या कायद्यानं लेकीचे शाळेतले सगळे कागद पाहायचा हक्क मला आहे. मात्र बाईंनी फक्त स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेल्या नोंदी त्यात मोडत नाहीत. म्हणजे पोरीच्या गणिताच्या मार्कांवर बापाचा हक्क, आणि ती रडली का, ते मात्र बाईंच्या वहीत! बायको म्हणाली, "तुम्ही तरी आबाजींना काय सांगायचे?" आबाजी म्हणजे माझे वडील. हा काही मुद्दा झाला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या आमच्या शाळेत हे चाललंच नसतं. पोरगं चार दिवस गप्प दिसलं की सर संध्याकाळी पारावर बापाला गाठत. "तुह्या पोट्ट्याचं मन नाई लागून राह्यलं वर्गात. काई झालं का घरी?" पारावरचे बाकीचे तंबाखू मळत ऐकत. सकाळपर्यंत गावभर. पण सर यायचे, हे विसरू नका. कापूस वेचणीत वर्ग अर्धा रिकामा झाला की सायकल काढून वावरात जायचे, पोरींना ओळीतून उठवून आणायचे. इथल्या बाई कुणाच्या शेतात गेल्याचं ऐकिवात नाही.

जाणार तरी कधी म्हणा. त्यांच्याकडे मुलं आडनावाच्या अक्षरावरून वाटून दिलेली असतात. एका काउन्सेलरमागे 250 विद्यार्थी असावेत असं त्यांची संघटना म्हणते. 2022-23 ची देशाची सरासरी होती 385. विषय निवडून देणं, वेळापत्रक, कॉलेजसाठी शिफारसपत्रं, शिवाय परीक्षांची कामं गळ्यात. उपचार त्या करत नाहीत, गरज वाटली तर बाहेर पाठवतात. गंमत म्हणजे ही पदं वाढली ती रशियाच्या स्पुटनिक उपग्रहामुळे. 1958 मध्ये अमेरिकेनं कायदा करून पैसा ओतला, तो हुशार पोरं हेरून विज्ञानाकडे वळवायला. डोळे पुसायचं काम नंतर आलं.

तरी त्या बंद दाराचा राग येतो तेव्हा मला आठवीतला एक मित्र आठवतो. त्याच्या शेतकरी बापानं जीव दिला होता. तेरवी झाल्यावर तो शाळेत आला. सरांनी त्याला पुढच्या बाकावर बसवलं, हजेरीचं रजिस्टर ऑफिसात नेऊन ठेवायचं काम दिलं. सरांना जे सुचलं ते त्यांनी केलं, आणि मी आजही त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्या पोराशी जो बोले तो एकच विचारी: प्रकरण सरकारी मदतीला पात्र झालं की अपात्र? पात्र झालं तर लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. तो ते आकडे पाढ्यासारखे म्हणून दाखवायचा. त्याला दार लावून घेऊन बोलायला खोली असती, तर ती गोष्ट पारावर गेली नसती, एवढं मी बाईंच्या बाजूनं मान्य करतो. माझ्या लेकीचं प्रकरण वेगळं. तिला कसली कमी आहे?

जुलै 2025 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पटच शंभराच्या आत. अशा लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. दारव्ह्याला पोचायचं तर एसटीची वाट पाहावी लागते, तज्ज्ञ तर पुढची गोष्ट. त्यातल्या त्यात 2022 पासून सुरू झालेला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर बरा. फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. मी तो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली पहिला प्रश्न आला, "भाऊ, हा पीकविम्याचा नवा नंबर व्हय का?"