तांग उंट, तिसरा प्रयत्न: मान टिकली, हिरवा मात्र खुरापर्यंत गेला

चीनच्या तांग राजवटीतल्या उंटाच्या मूर्तीसारखा मातीचा उंट बनवतोय. काल भट्टी उघडली आणि उंट अखंड बाहेर आला!! आधीचे दोन्ही मानेतच तडकले होते, कारण धड आदल्या दिवशीचं अर्धवट सुकलेलं आणि मान ताजी ओली, मग सुकताना मान जास्त आकसणार आणि जोडावर फट पडणारच. यावेळी दोन्ही भाग एकाच प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन दिवस ठेवले, जोड चांगला खरवडला, दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावली, आणि पोटाखाली बोटभर भोक ठेवलं. तांगवाले कारागीरपण असेच साच्यातून भाग काढून जोडायचे, आतून पोकळ.

मी नमुना म्हणून समोर ठेवलाय तो चीनमध्ये शिआनला 1957 मध्ये सापडलेला उंट, श्यानयू थिंगहुई या सेनाधिकाऱ्याच्या 723 सालच्या कबरीतला. 58 सेंमीच्या वर उंची आणि पाठीवर वादकांचा आख्खा ताफा! माझा 22 सेंमीचा, पाठ अजून रिकामी.

आता ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप. तांगची सानत्साय शैली म्हणजे तीन रंग: तांब्याचा हिरवा, लोखंडाचा मधासारखा आणि पांढरट. कोबाल्टचा निळा महागडा, म्हणून क्वचित दिसतो. त्यांचं ग्लेझ शिशाचं, कमी आचेवर वितळून मस्त ओघळायचं. मी शिसं घरात आणत नाही, बोरॉनचं फ्रिट (वितळवून दळलेली काच) वापरतो, बिस्क (ग्लेझआधीची पहिली भाजणी) 1040 अंश सेल्सियसला आणि ग्लेझ 1000 ला. पहिल्या दोन वेळी रंगांच्या हद्दी ब्रशने नीट आखल्या होत्या, आणि तुकड्यांवरचं ग्लेझ पाहिलं तर चित्रकलेच्या वहीतला उंट वाटत होता. यावेळी वशिंडांवर दाट थर दिला, खाली काहीच आखलं नाही, जाऊ दिलं त्याला जिथे जायचं तिथे. खांद्यावर हिरवा मधाच्या रंगात शिरलाय ना, तिथे बारीक जाळी पडलीये, आणि गुडघ्याशी एक थेंब गोठून राहिलाय, मी सकाळपासून तोच बघतोय.

चूक एकच. मागच्या उजव्या पायावरून हिरवा खुरापर्यंत उतरला आणि भट्टीतल्या शेल्फला चिकटला, घासून काढावा लागला. तांगकाळातल्या जुन्या मूर्तींवर ग्लेझ बऱ्याचदा तळाच्या आधीच थांबलेलं दिसतं, आता मीपण गुडघ्याखाली पातळच लावणार.

पुढच्या फायरिंगला दोन वादक. चेहऱ्यांना ग्लेझ नाही, तांगमध्ये माणसांचे चेहरे बहुतेक कोरे ठेवून भाजल्यावर रंगवायचे, म्हणजे डोळे-भुवया ओघळत नाहीत. एवढ्या छोट्या चेहऱ्यावर भुवई काढायला कोणता ब्रश वापरता ते सांगा प्लीज.