राइडला तीन आठवडे आहेत आणि सायकल आत्ताच उलटी करून बसलेय

तीन दिवस, 320 किलोमीटर, आणि जमतील ते सगळे पैसे कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या उपचारांसाठी. नाव दिलं तेव्हा अंतराचं काही वाटलं नव्हतं, पण लोकांनी किलोमीटरमागे पैसे कबूल करायला सुरुवात केली तेव्हा मात्र पोटात गोळा आला, कारण आता सायकल मधेच बसली तर फक्त माझी राइड बुडणार नाही. म्हणून या वेळी तयारी लवकर काढलीये.

पहिली चेन. नुसतं बघून ती झिजलीये की नाही कळत नाही, मोजावीच लागते. नव्या चेनच्या 24 कड्या, एका पिनच्या मध्यापासून मोजल्या की बरोबर 12 इंच भरतात. माझ्या अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरल्या, म्हणजे बदलायची वेळ झाली, एक सूत होईपर्यंत थांबले असते तर मागचा कॅसेटही (मागच्या चाकावरची गिअरची दातेरी चक्रं) गेला असता. नवी चेन आत्ताच घातली म्हणजे राइडच्या आधी दोनशेएक किलोमीटर होतील आणि गिअर कुठे अडकतायत ते घरच्या रस्त्यावरच कळेल. ऑइल प्रत्येक कडीवर एकेक थेंब, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी बाहेरून कोरडं पुसून काढायचं, हे पुसणं लोक सोडतात आणि मग सगळी धूळ चेनला चिकटते.

आता पंक्चर, यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. मागे एका प्रॅक्टिस राइडला मागचं टायर बसलं, मी घाईघाईत ट्यूब बदलली, हवा भरली, निघाले, आणि दोन किलोमीटरवर परत फुस्स. टायरमध्ये केसाएवढी बारीक तार राहिली होती, हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून पडतात ना, तसली. बाहेरून काही दिसत नव्हतं. तेव्हापासून मी पंक्चर ट्यूबमध्ये आधी हवा भरून भोक शोधते, मग वॉल्व्ह जागेवर धरून ट्यूब टायरला लावून बघते, म्हणजे टायरवर नेमकं कुठे शोधायचं ते कळतं, आणि मग आतून हळूहळू बोट फिरवते. हळूहळूच, काच असेल तर बोट कापतं. मागचं चाक काढून ट्यूब बदलायला मला आधी 25 मिनिटं लागायची, आता 12 वर आलेय.

हवा किती? टायरच्या कडेला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायलाच पाहिजे असं नाही. माझ्या 28 मिमी टायरला पुढे 70 आणि मागे 75 पीएसआय बरं पडतं, खडबडीत रस्त्यावर हात कमी भरून येतात.

सीटची उंची: पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, मग पंजाने पेडल मारताना गुडघा जरासा वाकलेला राहतो. एकदा जमलं की सीटच्या दांडीला टेप लावून खूण करा आणि शेवटच्या आठवड्यात तिला हात लावू नका, अर्धा सेंटीमीटर सुद्धा गुडघ्यांना कळतो.

कपड्यांचं थोडक्यात. पॅडेड शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नाही, घासतं तिथे पेट्रोलियम जेली, आणि राइडच्या दिवशी काहीच नवीन नको, मोजेसुद्धा नकोत.

बॅगेत दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, मल्टीटूल, माझ्या 10 स्पीडच्या चेनला बसणारी क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी (9 स्पीडची चालत नाही), पुढचा मागचा लाइट. ब्रेक पॅड बदलून झालेत, पुढच्या चाकाचा एक स्पोक ढिला वाटतोय तो तेवढा दाखवायचाय.

उद्या पहाटे हे सगळं सामान लादून 80 किलोमीटर. रिकाम्या सायकलवर केलेली प्रॅक्टिस वेगळी, उतारावर ब्रेक मारला की लगेच कळतं. चेनवर ऑइल टाकून झालंय, सकाळी निघायच्या आधी पुसायची आठवण म्हणून फडकं हँडललाच बांधलंय.