ज्यांचं काय झालं ते शोधायचंय, त्यांचीच सही आणा

हार्ट फेल्युअरच्या (हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही, तो आजार) पेशंटांवर एक रिस्क स्कोअर तपासून पाहायचा, असा थिसिसचा विषय घेतला तेव्हा सगळ्यांनी मला स्टॅटिस्टिक्सची भीती घातली होती. स्टॅटिस्टिक्सने काही छळलं नाही. छळलं ते संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या फॉर्मवरच्या एका ओळीने.

स्कोअर होता मॅजिक. २०१३ साली प्रसिद्ध झालेला, ३० अभ्यासांतल्या ३९,३७२ पेशंटांच्या माहितीवर बांधलेला. वय, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते), क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), वरचं बीपी, डायबिटीस, बीटा ब्लॉकर हे हृदयाचं औषध चालू आहे की नाही, अशा १३ गोष्टी भरल्या की एक आणि तीन वर्षांत मृत्यूची शक्यता किती ते सांगतो. बहुतेक गोष्टी जुन्या केसपेपरांत मिळाल्या. (उंची सोडून. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, लागतो, आणि दम लागलेल्या माणसाची उंची कोण मोजतंय? विषय नक्की करण्याआधी थोडे केसपेपर चाळा, कुठला रकाना कायम रिकामा असतो ते दिसतं.)

राहिला एकच प्रश्न: पेशंट वर्षभराने जिवंत होता का? जे फॉलो-अपला आलेच नाहीत, त्यांच्या घरी फोन करणं भाग होतं. फोनला कमिटीची परवानगी हवी. आणि फॉर्मवर लिहिलेलं, ‘सर्व सहभागींची लेखी संमती जोडावी.’

“सर, यातले काही जण वारले असतील,” मी कमिटीच्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाला म्हटलं.

“मग नातेवाइकांची सही आणा.”

“त्यासाठी फोन करावा लागेल.”

“परवानगीशिवाय फोन करायचा नाही.”

इतकं बोलून ते पुढच्या माणसाकडे वळले. पुढची मीटिंग कोरम नाही म्हणून रद्द. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये विषय आला आणि ‘संमतीपत्रे नाहीत’ एवढा शेरा मारून फाइल परत. हे लिहिताना अजूनही डोकं तापतं, कारण वाट आधीपासून होती. संमती मिळवणं अशक्य किंवा अव्यवहार्य असेल तिथे एथिक्स कमिटीने विचार करून मंजुरी दिली तर असं संशोधन करता येतं, हे हेलसिंकी जाहीरनाम्याच्या (माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची जागतिक नीतितत्त्वं) २०१३च्या आवृत्तीतच आहे. त्यासाठी संमतीतून सूट मागणारा वेगळा अर्ज लागतो. तो फॉर्म त्याच खिडकीत होता. आपणहून कुणी काढून दिला नाही.

त्या अर्जावर कमिटीने एकच शंका काढली: फोनवर नेमकं काय बोलणार, ते शब्दशः लिहून द्या. आधी मी चिडलो. मग लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. ‘पेशंट आहेत का?’ हे अशा घरी विचारायचं नसतं. शेवटी लिहिलं, “त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला फोन केलाय, आत्ता बोललं तर चालेल का?” पलीकडचा माणूस गप्प झाला तर आपणही थांबायचं, हेसुद्धा लिहून दिलं. ही एक मागणी रास्त होती, कबूल.

फोन सुरू झाले आणि बरेच नंबर बंद निघाले. गाइड सर म्हणाले, “लागत नाहीत ते सोडून दे, नाहीतर जिवंत धर.” इथे मी अडून बसलो, आणि बरं झालं. मेलेल्या माणसाचा नंबर बंद असण्याची शक्यता जास्तच. तशांना जिवंत धरलं की स्कोअर उगाच धोका फुगवून सांगतो असं दिसणार, आणि आपण चांगल्या स्कोअरला नावं ठेवून मोकळे. काळानुसार किती जण जिवंत राहिले ते काढायच्या कापलान-मायर पद्धतीतही संपर्क तुटलेल्यांना शेवटच्या भेटीपर्यंतच मोजतात, पण त्यांचं पुढे इतरांसारखंच झालं असेल असं त्यात गृहीत असतं. आमच्याकडे ते गृहीतच लंगडं होतं. म्हणून डिस्चार्ज कार्डवरचे नातेवाइकांचे दुसरे नंबर धुंडाळले, आणि तरीही न सापडलेल्यांचा वेगळा तक्ता करून आधी सगळ्यांना जिवंत, मग सगळ्यांना मृत धरून आकडे पुन्हा काढले. परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच तक्त्यावर घालवला.

आणखी एक, जे सिनॉप्सिस (थिसिसचा सुरुवातीचा आराखडा) लिहितानाच ठरवायला हवं: आउटकम, म्हणजे जो परिणाम मोजायचा तो, ‘कोणत्याही कारणाने मृत्यू’ असाच ठेवा. ‘हृदयविकाराने मृत्यू’ ठेवलात तर दाखल्यांवर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच वाचायला मिळेल, आणि ते तर प्रत्येकाच्याच बाबतीत खरं असतं.