हिटरमधून गार हवा आली तेव्हाच कळायला हवं होतं

गाडी २०११ ची, पेट्रोल, सेकंड हँड घेतलेली, १ लाख १० हजारच्या पुढं पळालेली. मॉडेल सांगत नाही कारण यात गाडीचा दोष जवळपास नव्हताच, होता तो माझा आणि थोडा माझ्या आळसाचा.

मार्चपासून सकाळी गाडी चालू केली की डॅशबोर्डच्या मागून, बायकोच्या पायापाशी, गुडगुड असा आवाज यायचा. हंड्यात तांब्या बुडवल्यावर येतो ना तसा. मिनिटभर यायचा आणि बंद व्हायचा. बायको म्हणाली एसीचं पाणी असेल, मी म्हटलं असेल, आणि गाणी लावली. एप्रिलमध्ये त्यात बॉनेटखालून एक बारीक घरघर वाढली, जात्यावर कोरडंच फिरवल्यासारखी, रेस वाढवली की वाढायची. ऑफिस घरापासून २ किलोमीटर, म्हटलं एवढ्याशा अंतरात काय होतंय. रविवारी बॉनेट उघडून कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली मात्र न चुकता बघायचो, लेव्हल कायम मिनिमम आणि मॅक्सिममच्या मध्ये. त्यामुळं मी आपला निर्धास्त. ही बाटली लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

मेमध्ये चिपळूणला सासुरवाडीला गेलो. परत कराडला येताना गाडीत आम्ही दोघं, मुलगी, डिकीत दोन फणस, आंब्याच्या तीन पेट्या आणि सासूबाईंनी दिलेल्या असंख्य पिशव्या. दुपारी दीड वाजता निघायचा शहाणपणा पण माझाच. अलोरे, शिरगाव, पोफळी गेलं आणि कुंभार्ली घाट सुरू झाला, पुढं दोन लोडेड ट्रक, मी सेकंड गिअरमध्ये त्यांच्या मागं, एसी चालू. घाटात इंजिन सगळा जोर लावत असतं आणि गाडी पळत नसते म्हणून समोरून वारा लागत नाही, म्हणजे गाडी तापायला याहून चांगली जागा नाही.

तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावरून सरकला. आधी पाऊण, मग एकदम एच च्या, म्हणजे हॉटच्या, रेघेला. एसी बंद केला आणि कुठंतरी ऐकलेलं आठवलं की हिटर फुल गरम करून ब्लोअर फुल करायचा म्हणजे इंजिनची उष्णता आत येते आणि इंजिनला तेवढाच हात मिळतो. बायकोनं माझ्याकडं बघितलं ते मे महिन्यात हिटर लावणाऱ्या माणसाकडं जसं बघतात तसंच. पण आतून येणारी हवा गरम नव्हतीच! साधी, बाहेरच्यासारखी. मुलगी मागून म्हणाली, बाबा मस्त गार येतंय. आणि त्याच वेळी काटा झपकन खाली आला, मध्याच्याही खाली. मी खूश. म्हटलं बघ, उतरला, आणि तसाच चढवत राहिलो.

नंतर समजलं ते असं. हिटरच्या आत एक छोटा रेडिएटर असतो, त्यात इंजिनचं गरम पाणी फिरतं. हवा गार आली याचा अर्थ पाणी तिथपर्यंत पोचतच नव्हतं. आणि काटा ज्या सेन्सरवर चालतो तो पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. पाणी त्याच्याखाली गेलं की तो नुसत्या वाफेत आणि हवेत लटकतो आणि काटा खाली येतो. म्हणजे मी खूश झालो त्या क्षणी इंजिन सगळ्यात जास्त तापलेलं होतं.

दोनच वळणं गेलो असेन. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनमधून डब्यात खडे घालून हलवल्यासारखा खडखड आवाज यायला लागला, पिकअप गेला आणि गोडसर, करपलेला वास आला. बाजूला जरा रुंद जागा दिसली तिथं घेतली आणि बंद केली. बॉनेटच्या फटीतून वाफ. तो खडखडाट म्हणजे तापलेल्या इंजिनमध्ये पेट्रोल वेळेच्या आधीच आपोआप पेट घेतं त्याचा, मेकॅनिक लोक नॉकिंग म्हणतात, आणि तसंच चालवत राहिलं तर पिस्टनला भोक पडायलाही कमी करत नाही.

मी फडकं घेऊन रेडिएटरच्या कॅपला हात घालणार तेवढ्यात मागं थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "ओ पाहुणं! हात काढा तिथनं!" त्यानं मला अक्षरशः मागं ओढलं. आतलं पाणी कॅपच्या प्रेशरमुळं शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, कॅप सैल केली की प्रेशर सुटतं आणि वाफ आणि उकळतं पाणी एका झटक्यात तोंडावर येतं. त्याच्या हातावर कोपरापर्यंत जुना डाग होता, त्यानं तो दाखवला आणि बाकी काही समजावलं नाही. गरज पण नव्हती. बॉनेट उघडं टाकून पाऊण तास बसलो, एक फणस त्याला दिला, मग वरचा पाइप हाताला कोमट लागायला लागल्यावर कॅप एक आटा फिरवून, फुस्स संपेपर्यंत थांबून उघडली. आत पाणी दिसेचना. प्यायच्या बाटल्या आणि त्याच्या कॅनमधलं मिळून अडीच लिटर गेलं. तेही त्यानं थोडं थोडं घालायला लावलं, तापल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, क्रॅक जातो म्हणून. आणि प्लास्टिकची बाटली? ती अजूनही अर्धी भरलेली. रेडिएटर कोरडा आणि बाटली अर्धी, हे गणित मला तिथं काही सुटलं नाही.

घाटमाथ्याला चहा, हेळवाकला थांबा, पाटणला थांबा, प्रत्येक ठिकाणी पाणी, असं करत रात्री आठला कराड.

आता खरी गंमत सुरू झाली. पहिला मेकॅनिक घराजवळचा. त्यानं दहा मिनिटांत निदान केलं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा वॉल (व्हॉल्व्ह). "आपल्याकडं हे लागतच न्हाय, थंड मुलखातलं काम हाय ते," म्हणत वॉल काढून टाकला, पाणी भरलं, ४०० रुपये घेतले. गाडी आठ दिवस गार. गार म्हणजे इतकी गार की हायवेला काटा वर यायचंच नाव घेईना आणि अॅव्हरेज १५ वरून १२ वर. नवव्या दिवशी कोल्हापूर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये काटा परत वर.

दुसरा म्हणाला रेडिएटरचा फॅन उशिरा लागतोय, डायरेक्ट करून देतो. चावी फिरवली की फॅन चालू, विषय संपला. पाणी कमी होतं ते त्यानं भरलं. परत आठ-दहा दिवस बरी, परत तेच.

तिसरा मोठ्या गॅरेजवाला. त्यानं कॅप उघडी ठेवून गाडी चालू केली, पाण्यात बुडबुडे दाखवले. मग तेलाचं झाकण उघडून आतल्या बाजूला लागलेला पांढरट चीक दाखवला, आणि चेहरा असा केला की जणू घरच्यांना बोलवा. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं सील, उडालंय, हेड उतरवावं लागेल, फेसिंग म्हणजे घासून सपाट करावं लागेल, २८ हजार, आणि आत काय निघेल ते वेगळं.

त्या रात्री झोप नाही लागली. गाडीची किंमतच दीड लाख असेल नसेल. पण पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात आली. तिघांनी तीन वेगळी कामं केली किंवा सांगितली, पण एक गोष्ट पहिल्या दोघांनीही केली होती, पाणी भरलं होतं. म्हणजे गाडी बरी होत होती ती वॉल काढल्यानं नाही, फॅन डायरेक्ट केल्यानं पण नाही, नुसतं पाणी भरल्यानं. आणि पाणी संपलं की आजारी पडत होती. मग प्रश्न एकच, पाणी जातंय कुठं?

दुसऱ्या दिवसापासून वही काढली. रोज सकाळी गार इंजिनवर बाटली नाही तर थेट रेडिएटरची कॅप उघडून बघायचं, किती घातलं ते मापाच्या पेल्यानं लिहायचं. रात्री गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. पुठ्ठा सकाळी कोरडा ठणठणीत, पण पाणी रोज एक-दीड पेला कमी, आणि ज्या दिवशी गाडी हलवली नाही त्या दिवशी शून्य. म्हणजे गळती चालू इंजिनवर आणि गरम लोखंडावरच वाळून जाणारी. डिपस्टिकचं तेल पुसून बघितलं, काळं पण स्वच्छ, दूध नाही. सायलेन्सरमधून गरम झाल्यावर पांढरा धूर नाही. म्हणजे पाणी तेलातही जात नव्हतं आणि जळतही नव्हतं. झाकणाखालचा चीक रोजच्या दोन किलोमीटरच्या फेरीनं पण येतो, इंजिन पूर्ण तापतच नाही म्हणून आतला दमटपणा उडत नाही. तिसऱ्याचे दोन पुरावे होते, त्यातला एक तिथंच पडला.

मग ती घरघर. माझ्या मामाचा ट्रॅक्टर होता, तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावून मूठ कानाला लावायचा. मी पण लावला, बाही वर करून, बेल्टपासून चार हात जपून. अल्टरनेटरवर लावला तर एकसारखा सूंऽऽ. वॉटर पंपाच्या, म्हणजे इंजिनचं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, बॉडीवर लावला आणि कानातच जातं सुरू झालं. तरी खात्री म्हणून ओळखीच्या पोराकडून बेल्ट काढून घेतला आणि फक्त अर्धा मिनिट गाडी चालू केली. घरघर गायब! इंजिन बंद करून पंपाची पुली हातानं हलवली तर खुळखुळ हलतेय, किडलेला दात हलतो तशी. पोरगा म्हणाला, "दादा, बेअरिंग बोलतंय की हो कधीचं." कधीचं म्हणजे एप्रिलपासून, मीच गाणी लावत होतो.

बऱ्याच गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजिनचे वॉल आणि पिस्टन ताळ्यात ठेवणाऱ्या बेल्टवर, आत असतो, तिथं असा बेल्ट काढून चालू करायचा उद्योग अजिबात करू नका. माझा बाहेरच्या बेल्टवर होता म्हणून जमलं.

शेवटी एका जुन्या रेडिएटर मिस्त्रीकडं गेलो, सत्तरीतले गृहस्थ, बोलणं कमी. त्यांनी कॅपच्या जागी हातपंप आणि घड्याळ असलेलं यंत्र बसवलं, गार इंजिनवर हवा भरली. काटा एकवर गेला आणि हळूहळू उतरायला लागला. मग टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणाले, वाका आणि बघा. पंपाच्या पोटाला खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं. त्या भोकाखाली गुलाबी खपली जमलेली, सुकलेल्या कूलंटची, आणि माझ्या डोळ्यासमोर तिच्यावर एक थेंब फुगला, थांबला आणि पडला. तीन महिन्यांचं कोडं एवढंसं होतं.

बाटलीचं पण तेव्हाच सुटलं. गाडी गार होताना रेडिएटरनं बाटलीतलं पाणी ओढून घ्यायचं असतं. पण माझा रेडिएटर त्या फाटक्या सीलमधून हवा ओढत होता, ती सोपी पडत होती, वर कॅपचा रबर पण दगड झालेला. म्हणून बाटली भरलेली आणि आत हवा. तीच हवा हिटरच्या नळ्यांत जाऊन सकाळी गुडगुडत होती. बुडबुडे पण तेच, एअर लॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, कुणी नीट काढलीच नव्हती. गॅस्केट गेलं असतं तर बुडबुडे थांबलेच नसते, मिस्त्रींनी हवा काढल्यावर दहा मिनिटांत थांबले. एवढं तापूनही हेड वाचलं हे नशीबच.

मग ते म्हणाले, "वॉल कुठाय?" मी गेलो पहिल्या मेकॅनिककडं. त्यानं टेबलाखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर पालथा केला. पंधरा-वीस थर्मोस्टॅट! सगळ्या गावाच्या गाड्यांचे. त्यातून माझा ओळखून काढला त्यानं, हे मात्र मानलं. घरी पातेल्यात पाणी घालून त्यात सोडला, वर ८२ छापलेलं, आणि पाणी उकळायच्या बरंच आधी हळूच तोंड उघडलं. म्हणजे तो बिचारा पहिल्यापासून ठीक होता. पातेलं चहाचं होतं हे बायकोला नंतर कळलं, त्यावर इथं लिहीत नाही.

पंप १८५०, बेल्ट ६२०, कॅप १८०, कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं करून ७०० च्या आसपास, फॅनची वायरिंग पूर्ववत, मजुरी धरून साडेपाच हजारात सगळं. घाटात घातलेलं साधं पाणी पण दोनदा धुऊन काढलं, क्षारानं रेडिएटर चोक व्हायला नको. आणि इंजिनचं तापमान मोबाइलवर दाखवणारा एक ब्लूटूथवाला स्कॅनर घेतला, कारण डॅशबोर्डचा काटा बराच वेळ मध्यावरच बसून राहतो, आकडा काही सांगत नाही.

गणपतीला परत त्याच घाटानं आलो. पाऊस, धुकं, पुढं तसेच ट्रक. मोबाइलवर ९४, ९६, एका वळणाला ९९, फॅन लागला, परत ९३. बायकोनं हात लावून बघायला म्हणून हिटर लावला आणि लगेच हात मागं घेतला. गुडगुड नाही, घरघर नाही. डावीकडं पूर्ण वळवलं की पुढच्या चाकातून कट-कट येतं, तो एक्सल आहे, पगार झाला की बघतो.