नवेगावबांधच्या पाळीवर चतुर आणि टाचण्या

नवेगावबांधला वाघ पाहण्यासाठी येणाऱ्यांची सोय चांगली आहे; चतुर आणि फुलपाखरे पाहण्यासाठी येणाऱ्याने मात्र जंगलाच्या फाटकाकडे न जाता गावाच्या बाजूलाच राहावे, हे माझे मत या ऑक्टोबरातल्या फेरीनंतर पक्के झाले. व्याघ्र प्रकल्पात गाडीतून खाली उतरता येत नाही आणि चालत्या जिप्सीतून दोन सेंटिमीटरची टाचणी, म्हणजे चतुराचाच बारीक अंगाचा भाऊबंद, दिसत नाही. तलावाची पाळ (मातीचा बांध), तिच्याखालच्या धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) आणि आसपासच्या लहान बोड्या (छोटी तळी) या ठिकाणी मात्र एकाच झुडपापाशी तासभर बसले तरी कोणी हटकत नाही. फार तर शेतावर निघालेला एखादा माणूस थांबून विचारतो, "काय पाहून रायले जी?" आणि कॅमेऱ्यातला फोटो दाखवला की तोच पुढच्या बोडीची वाट सांगतो.

नागपूरहून भंडारा, साकोली असे राष्ट्रीय महामार्गाने येऊन कोहमारा फाट्यावर दक्षिणेला वळावे. रेल्वेने येणाऱ्यांना गोंदिया-बल्लारशा मार्गावरचे देऊळगाव स्थानक जवळ पडते. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. कोहळी समाजाने बांधलेल्या अशा तलावांमुळेच भंडारा-गोंदिया भागात गोड्या पाण्यातल्या बारक्या जिवांना एवढा आसरा मिळाला आहे.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी काठावरच्या बेशरमीच्या झुडपांपासून सुरुवात करावी. अंग तापेपर्यंत चतुर आणि टाचण्या फारशा उडत नाहीत, पंखांवर दव असते आणि वीतभर अंतरावरून छायाचित्र घेता येते. ओळखीचा पहिला नियम सगळ्यांना ठाऊक असतो : चतुर पंख आडवे पसरून बसतो, तर टाचणी ते पाठीवर मिटून घेते. मात्र लेस्टिडी कुळातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात, त्यामुळे केवळ बसण्याच्या ढबीवर विसंबू नये. डोळे पाहावेत, टाचणीचे डोळे एकमेकांपासून दूर असतात, बहुतेक चतुरांचे डोक्यावर भिडलेले असतात. यालाही गोम्फिड कुळातले चतुर अपवाद आहेत. म्हणून पंखही पाहावेत : चतुराचा मागचा पंख बुडाशी रुंद असतो आणि टाचणीचे चारही पंख जवळपास सारखे, बुडाशी निमुळते असतात.

ऊन वाढले की पाण्यावर पिवळ्या पंखांवर काळपट तपकिरी नक्षी असलेले ऱ्हायोथेमिस व्हेरिगाटा जातीचे चतुर दिसू लागतात. त्यांचे उडणे इतके तरंगते असते की नवखा माणूस त्यांना फुलपाखरेच समजतो. त्यांच्यातलाच एक ऑर्थेट्रम सबिना या चतुराने माझ्यासमोर धरला. हिरवट पिवळ्या अंगावर काळे पट्टे, पोट बुडाशी फुगलेले आणि पुढे एकदम बारीक, असा हा शिकारी इतर चतुरांनाही सोडत नाही. गवताच्या काडीवर बसून त्याने आधी भक्ष्याचे डोके खाल्ले, नंतर छाती. नक्षीदार पंख मात्र एकेक करून खाली पडले. भर दुपारी काही चतुर शेपटीचे टोक थेट सूर्याकडे रोखून बसतात. त्यामुळे अंगावर पडणारे ऊन कमी होते.

धानाच्या बांध्यांवर घोळक्याने उडत होते ते पँटाला फ्लॅवेसेन्स जातीचे चतुर. यांच्या अळ्या पावसाच्या तात्पुरत्या डबक्यातही झपाट्याने वाढतात. मालदीव बेटांवर भूपृष्ठावर गोडे पाणी जवळजवळ नाही, तरी तिथे ऑक्टोबरच्या सुमारास हेच चतुर मोठ्या संख्येने उतरतात. त्यावरून ते भारतातून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जात असावेत, असे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडले. समुद्रापासून इतक्या दूरच्या बांधीत त्यांना पाहताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

पाळीच्या उतारावर रुईची झाडे आहेत. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या रुईची पाने खाऊन तिचे विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्याला टाळतात. याचा फायदा छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराची मादी घेते. ती रंगाने हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी असते, पण तिच्या अळ्या घोळीसारख्या बिनविषारी वनस्पतीवर वाढतात. दोघांतला फरक मागच्या पंखावर आहे. बिबळ्या कडव्याच्या या पंखाच्या मध्यभागी तीन-चार ठळक काळे ठिपके असतात, मादी चांदव्याला ते नसतात. त्यामुळे पंख मिटलेले आणि उघडलेले अशी दोन्ही छायाचित्रे घ्यावीत. चतुरांच्या बाबतीत वरून, बाजूने आणि शेपटीच्या टोकाचे असे तीन फोटो लागतात, कारण अनेक जाती टोकाच्या उपांगांवरूनच ठरतात आणि नर-मादीचे रंगही वेगळे असतात. नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची असल्यास तारीख आणि ठिकाण अचूक द्यावे. तिथे किमान दोघांचे ओळखीवर एकमत झाल्यावरच नोंद संशोधनयोग्य गणली जाते, तोवर अंदाज कुळापर्यंतच ठेवलेला बरा.

अंडी घालत असलेली मादी पकडू नये, जाळे तर आणूच नये. कापणीच्या दिवसांत बांध्यांत शिरताना शेतमालकाला विचारावे. घोणस आणि मण्यार या भागात आहेत, म्हणून पायांत उंच बूट हवेत आणि संध्याकाळी हातात बॅटरी. पूर्ण बाह्यांचा शर्ट व मोज्यांत खोचलेली पँट ही काळजी मुख्यतः स्क्रब टायफससाठी आहे, कारण गवतातल्या माइट या कोळ्याच्या जातकुळीतल्या सूक्ष्म जीवाच्या अळ्या चावल्याने हा ताप येतो. फोटोसाठी आडवे व्हायचे असल्यास खाली प्लास्टिकची चादर अंथरावी, मुक्कामी परतताच कपडे बदलून साबणाने अंघोळ करावी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर काळी खपली दिसली, तर गवतात वावरल्याचे डॉक्टरांना न विचारताही सांगावे.