उसनी धार

माझ्या कादंबरीतली तलवार पहिल्या खर्ड्यात काहीही कापायची. दगड, चिलखत, किल्ल्याचा दरवाजा, एकदा तर धबधबा. (धबधब्याचा प्रसंग रात्री दोन वाजता लिहिला होता आणि लिहिताना मला तो फार थोर वाटला होता.) नायकाला ती आजोबांकडून मिळालेली, पात्यावर निळसर उजेड, मुठीत माणिक, नावही चांगलं भारदस्त. चाळीसाव्या पानावर माझी भाची थांबली. वय अकरा, वाचन माझ्याहून जास्त.

"मावशी, पण हा हरणार कधी?"

"हरेल की. पुढे आहे."

"कसा? तलवार तर सगळंच कापते."

मी पुढची पानं चाळली. तो हरत नव्हताच. एकदा जखमी झाला होता, तोही तलवार घोड्याच्या खोगिराला विसरून आल्यामुळे.

दिवसा मी लोकांचे हिशेब लिहिते. एखाद्या वहीत जमेची बाजू तुडुंब भरलेली आणि नावेची बाजू कोरी दिसली की माझ्या भुवया आपोआप वर जातात, कारण कुठेतरी काहीतरी दडवलेलं असतं. स्वतःच्या तलवारीची नावे बाजू कोरी आहे हे मात्र दोन वर्षं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग मी जुन्या शस्त्रांच्या वह्या उघडल्या.

महाभारतात फुकटचं शस्त्र जवळपास सापडतच नाही. कर्णाची वासवी शक्ती घ्या. इंद्राने कवचकुंडलं मागून नेली आणि बदल्यात ती दिली, अट एकच: एकदाच सुटेल, एकालाच मारेल. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली. चौदाव्या दिवशीचं युद्ध रात्रीतही चालू राहिलं, घटोत्कचाने कौरवसेना चेचायला सुरुवात केली, सगळे कर्णाला विनवू लागले आणि ती घटोत्कचावर खर्ची पडली. पांडव रडत होते, कृष्ण मात्र आनंदाने अर्जुनाला मिठ्या मारत होता. तिथे जमाखर्च कळलेला तोच एकटा. लहानपणी मला हा प्रसंग वाचून कृष्णाचा राग यायचा. आता वाटतं, एवढं गणित बसवायला लेखकाच्या अंगात काय ताकद असेल!

नारायणास्त्राचा नियम तर मला आजही चक्रावून टाकतो. द्रोण पडल्यावर अश्वत्थामा ते सोडतो. जितका प्रतिकार करावा तितकं ते वाढतं. शस्त्र खाली ठेवून रथातून उतरलेल्याला ते हात लावत नाही. सगळी सेना उतरते, एकटा भीम ऐकत नाही, आणि शेवटी कृष्ण-अर्जुन त्याला रथातून ओढून खाली आणतात. जगातलं भयंकर अस्त्र, आणि त्यावरचा उतारा म्हणजे भीमाला खाली ओढणं! दुर्योधन म्हणतो, पुन्हा सोड. तर ते दुसऱ्यांदा सोडलं की सोडणाऱ्यावरच उलटतं. हा नियम मला सुचला असता तर मी आठवडाभर हवेत चालले असते.

उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स कथांमधली तिरफिंग ही तलवार याहून वाईट खोडीची. राजाने त्या कथांमधल्या दोन जादुई बुटक्या लोहारांना कोंडीत पकडून ती बळजबरीने घडवून घेतली. त्यांनी घडवली उत्तम, गंज न लागणारी, लोखंड कापडासारखं कापणारी; आणि जाताजाता शाप दिला की म्यानाबाहेर आली की दर वेळी एक माणूस मरेल. कारागिराला दमदाटी करून काम करून घेतलं की काय होतं, ते माझ्या काही अशिलांनी वाचायला हवं. असो.

पण या शस्त्रांच्या जन्मापेक्षा त्यांच्या शेवटाने मला जास्त धरून ठेवलं. मौसलपर्वात अर्जुन द्वारकेतल्या बायकामुलांना घेऊन निघालेला असतो आणि वाटेत आभीर लूट करायला येतात. गांडिवाला प्रत्यंचा चढवतानाच त्याची दमछाक होते. अस्त्रं आठवत नाहीत. कधीही न संपणारे बाण संपतात. शेवटी तो धनुष्याच्या टोकांनी माणसं बडवत सुटतो. तेच गांडीव, जे 'दुसऱ्याला दे' म्हणणाऱ्याचा जीव घेईन अशी त्याची प्रतिज्ञा होती आणि ज्यापायी तो एकदा थेट युधिष्ठिरावर तलवार उपसून धावला होता. महाप्रस्थानाला निघाल्यावरही ते त्याच्याकडून सुटत नाही. अग्नीला वाट अडवून सांगावं लागतं की हे वरुणाचं आहे, परत कर. तेव्हा तो ते पाण्यात टाकतो.

हजारो मैल दूर ब्रिटनच्या आर्थर राजाच्या कथेतही हेच. मरायला टेकलेला राजा बेडिव्हियर या आपल्या सरदाराला सांगतो, माझी तलवार पाण्यात टाकून ये. तो दोनदा जातो, मुठीवरच्या रत्नांकडे बघून त्याला मोह होतो, तलवार लपवून परत येतो. काय दिसलं? फक्त लाटा. राजाला खोटं कळतं. तिसऱ्यांदा टाकतो तेव्हा पाण्यातून हात वर येऊन ती झेलतो. यात निव्वळ कविकल्पना आहे म्हणावं तर युरोपातल्या नद्या-तळ्यांच्या तळाशी कांस्ययुगातल्या तलवारी खरंच सापडतात, काही मुद्दाम वाकवून टाकलेल्या. इतक्या मोलाची वस्तू कुणीतरी काठावर उभं राहून सोडून दिली. त्या माणसाचा हात सुटताना काय झालं असेल, यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि नंतर कापलं. बरंच रडकं झालं होतं.

खऱ्या तलवारीबद्दलचं माझं ज्ञान तोपर्यंत पुस्तकी होतं. एका ओळखीच्या मुलाने सरावाची पोलादी तलवार दोन दिवस वापरायला दिली. बोथट, पण वजन खरं: 1.3 किलो. मध्ययुगीन एकहाती तलवारी साधारण 1 ते 1.5 किलोच्याच असत, त्यामुळे कादंबऱ्यांमधल्या दोन माणसांनी उचलायच्या तलवारी विसरायच्या. मी हात सरळ पुढे करून ती धरली आणि घड्याळ लावलं. 47 सेकंद. खांदा थरथरायला लागला, टोक डुगडुगलं, मूठ घामाने निसटू लागली. माझा नायक याच अवस्थेत तीन पानं भाषण करत होता. भाषण चार ओळींवर आणलं.

पात्याच्या मधोमध लांब पन्हळ असते. मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की रक्त वाहून जायला ती ठेवतात. चूक. पातं ताठ राहून हलकं व्हावं म्हणून ती असते. पाठीवर बांधलेली लांब तलवार एका झटक्यात उपसणं, हे आरशासमोर करून पाहिलं. पडद्याचं नुकसान झालं, तेवढंच.

परत द्यायच्या दिवशी सकाळी पाहिलं तर पात्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, तांबूस, रेघ न् रेघ स्पष्ट. आदल्या रात्री पुसायची राहिली होती. एका रात्रीत गंज. मी तेल लावून घासत बसले आणि तेवढ्या अर्ध्या तासात माझ्या कादंबरीतलं जग बदललं. माझ्या सगळ्या योद्ध्यांकडे तलवारी होत्या. फडकं आणि तेलाची कुपी एकाकडेही नव्हती.

तलवारीचा नावलौकिक कसा होतो, तेही याच सुमारास वाचलं. युरोपात 9 व्या ते 11 व्या शतकातल्या 100 हून जास्त तलवारींच्या पात्यांवर 'उल्फबेर्ट' असं नाव कोरलेलं सापडतं. दोन-अडीच शतकं एकच लोहार जगला नसणार, म्हणजे नाव पुढे चालत राहिलं. काहींवर स्पेलिंग चुकलेलं आहे, आणि पोलादही निकृष्ट. हजार वर्षांपूर्वी नकली माल! माझ्या जगात मी लगेच एक भामटा घातला, जो दंतकथेतल्या तलवारीच्या सहा 'अस्सल' प्रती विकून बसलाय. तो आता माझा सर्वांत लाडका माणूस आहे.

योद्ध्यांचे आचार-नियम लिहायला घेतले तेव्हा आणखी एक गंमत कळली. आइसलंडमध्ये लिहिलेल्या एका जुन्या गाथेत योम्सवायकिंग नावाच्या लढवय्यांचे नियम दिलेत: वय 18 ते 50, पळायचं नाही, भीतीचा शब्द काढायचा नाही, तीन रात्रींहून जास्त गड सोडून राहायचं नाही. वाचताना हजेरीपुस्तक डोळ्यांपुढे येतं. असे योद्धे खरंच होते का, यावर इतिहासकारांचा वाद आहे. गाथा मात्र घटनांनंतर दोनेकशे वर्षांनी लिहिलेली. जपानात 1603 ते 1868 हा तोकुगावा घराण्याच्या सत्तेचा काळ बहुतांशी शांततेचा. सामुराई कमरेला दोन तलवारी लावून कचेरीत बसत, वेतन तांदळात घेत, ते कोकू या मापाने मोजलं जाई. मरणाला कसं सामोरं जावं याविषयीची कडक वचनं ज्याच्या नावावर सांगतात तो यामामोटो त्सुनेतोमो 1659 चा जन्म, आणि लढाईत एकदाही उतरलेला नाही. म्हणजे वीरधर्म लिहून काढायला निवांत बसलेला माणूस लागतो. हिशेबनीस म्हणून मला याचं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तर माझी तलवार. निळा उजेड गेला, माणिक गेलं, भारदस्त नाव गेलं. आता तिचं नाव 'उसनी'. नियम एकच: तिने माणूस मारला की तिची धार जाते, पार लाकडी पट्टीसारखी होते. ती पुन्हा लावायची तर मेलेल्या माणसाच्या घरच्याच कुणीतरी, स्वतःच्या हाताने, राजीखुशीने. दुसऱ्या कुणी घासली तर दगड झिजतो, पातं तसंच.

एवढा नियम ठेवला आणि बाकीचं आपोआप उगवत गेलं. उसनी बाळगणारे योद्धे 'धारमागे' झाले. माणूस मारला की त्याच्या घरी जायचं, तलवार उंबरठ्यावर आडवी ठेवायची, मूठ घराकडे, टोक आपल्याकडे, आणि तीन रात्री बाहेर बसायचं. बोलायचं नाही. घरच्यांना वाटलं तर धार लावून देतील, वाटलं तर दार लावून घेतील, वाटलं तर दगड मारून पात्याला खोक पाडतील. पडलेली खोक बुजवायची नाही. म्हाताऱ्या धारमाग्याची तलवार करवतीसारखी दिसते. आणि कोणी धार का लावून देईल? या एका प्रश्नात माझी पुढची सात प्रकरणं गेली. एक आई देते, कारण तिचा मुलगा तसाच होता. एक मुलगा देतो, कारण ज्याच्यावर ती पुढे चालणार आहे त्याच्यावर त्याचा जास्त राग आहे. एक म्हातारा धार लावता लावता थांबतो, अर्धं पातं धारदार करून परत करतो. धारमागा पुढे वर्षभर तशाच अर्ध्या तलवारीने लढतो.

त्या म्हाताऱ्याचा प्रसंग लिहिण्यासाठी मी धार लावायला शिकले. घरातली सुरी आणि निसणा. पहिल्या दिवशी धार होती तीही घालवली. मग कोन जमला, वीसेक अंशांच्या आसपास, आणि तो हात न हलू देता शेवटपर्यंत टिकवणं हेच खरं काम. पाण्यात काळपट गाळ साचतो. एका बाजूने पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूच्या कडेवर बारीक कणी उभी राहते, डोळ्यांना दिसत नाही, अंगठा आडवा फिरवला की लागते. आवाजही बदलतो, आधी खरखर, नंतर रेशमी कापड ओढल्यासारखा. म्हणून माझा म्हातारा धार बघत नाही, ऐकतो. आपल्या मुलाला मारणारी तलवार तो कानाजवळ धरून घासतोय. हे वाक्य लिहून मी उठले आणि बराच वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मागच्या रविवारी भाचीला नवा खर्डा दिला. पाय खुर्चीवर घेऊन वाचत होती. मी आपली भांडी लावण्याचं नाटक करत तिच्याकडे बघतेय.

"घरात कुणीच उरलं नाही तर?" तिने मान वर न करता विचारलं.

"मग उसनी कायमची बोथट. म्हणून तर धारमागे अख्खं घर कधी मारत नाहीत."

"अच्छा. हे भारी आहे." पान उलटलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

थोड्या वेळाने तिने बोट पानात घालून पुस्तक मिटलं.

"मावशी, तुझा तो दुष्ट सरदार आहे ना, त्याला कोणाच्या दारात बसायलाच नको."

"म्हणजे?"

"तो आपल्या सख्ख्या भावाला मारेल. मग मेलेल्याच्या घरचा कोण? तोच. धार स्वतःच लावेल, राजीखुशीने."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. कादंबरीत त्या सरदाराला चार भाऊ आहेत. मी ते केवळ जेवणाच्या प्रसंगात पंगत भरलेली दिसावी म्हणून घातले होते.

"कितवं प्रकरण झालं तुझं?" तिने विचारलं.

"अकरा."

"मग बाराव्यात घाल," ती म्हणाली आणि पुन्हा वाचायला लागली.